यहुदी आणि ख्रिस्ती : एका घरातून निघालेले दोन धर्म

आमच्या वस्तीतील बुद्धविहारात दर रविवारी सकाळी मुलांचा संस्कार वर्ग भरतो. त्रिसरण-पंचशील झाले की थोडा वेळ आम्ही मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवतो. डिसेंबर महिन्यात शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या दारांवर चांदण्या लागल्या होत्या. तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, येशू ख्रिस्त जन्माने यहुदी होता ना? मग यहुदी लोक ख्रिस्ती का झाले नाहीत? आणि ख्रिस्ती लोकांनी यहुद्यांचा एवढा छळ का केला?"

प्रश्न सरळ होता, पण उत्तर सोपे नव्हते. "पुढच्या रविवारी सांगतो" असे म्हणून आम्ही त्या दिवशी वेळ मारून नेली. नंतर वाचत गेलो तेव्हा लक्षात आले की, हा प्रश्न वरवर परक्यांच्या धर्माचा दिसत असला तरी त्याच्या पोटात आपलाही एक प्रश्न दडलेला आहे. धर्म जन्माने मिळतो की तो स्वीकारावा लागतो? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्यांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली, त्यांच्या नातवंडांना आणि पतवंडांना हा प्रश्न टाळता येणार नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि प्रत्यक्ष दीक्षा घेतली ती २१ वर्षांनी. मधल्या काळात त्यांनी जगातील धर्म तपासून पाहिले. तेव्हा दुसऱ्यांचे धर्म समजून घेणे हे आपल्याकडे पाप नाही, उलट तो आपला वारसा आहे.

गुलामांच्या मुक्तीची कथा

यहुदी धर्म हा या दोहोंतील जुना. यहुदी लोक आपला मूळपुरुष म्हणून अब्राहामाचे नाव घेतात. त्याचा मुलगा इसहाक, इसहाकाचा मुलगा याकोब. याकोबाचेच दुसरे नाव इस्राएल. त्याच्या बारा मुलांपासून बारा वंश झाले, असे त्यांचे धर्मग्रंथ सांगतात. हे लोक मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, राजाचे गुलाम झाले. विटा पाडणे, बांधकामे करणे अशी वेठबिगारी त्यांच्या वाट्याला आली. मोशे नावाच्या पुढाऱ्याने त्यांना तेथून बाहेर काढले आणि सीनाय पर्वतावर देवाकडून दहा आज्ञा आणल्या, अशी ही कथा आहे.

इतिहासाच्या कसोटीवर ही कथा जशीच्या तशी टिकत नाही. लाखो लोक मिसरमधून निघून वाळवंटात हिंडल्याचा पुरावा उत्खननात सापडलेला नाही. 'इस्राएल' या लोकांचा सर्वांत जुना उल्लेख मिसरचा राजा मर्नेप्ता याच्या शिलालेखात आहे, आणि तो इ.स.पू. १२०० च्या सुमाराचा आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जगातील बहुतेक समाज आपली उत्पत्ती सूर्यापासून, चंद्रापासून किंवा एखाद्या देवाच्या मुखातून झाल्याचे सांगतात. या लोकांनी मात्र 'आम्ही गुलाम होतो' ही आठवण आपल्या धर्माच्या पायात घातली. बाबासाहेबांनी मोशेवर स्वतंत्र लेख लिहिला होता. गुलामीतून बाहेर पडलेल्या लोकांची ही कथा त्यांना दलितांसाठी आशादायक वाटत होती. अमेरिकेतील काळ्या गुलामांनीही तिच्यातूनच धीर घेतला. गुलामांना पळवून मुक्त करणाऱ्या हॅरिएट टबमन यांना लोक 'मोशे' म्हणत.

दहा आज्ञांपैकी एक आज्ञा आपल्या कामगार वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. सातव्या दिवशी काम करायचे नाही. आणि ही सुट्टी केवळ मालकाला नाही, तर दास-दासींना आणि गुराढोरांनाही द्यायची. हाच शब्बाथ. शुक्रवारी सूर्यास्ताला तो सुरू होतो आणि शनिवारी रात्री संपतो. ख्रिस्ती लोकांनी पुढे येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार पाळायला सुरुवात केली. आपल्या मुंबईत गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, १० जून १८९० रोजी. आठवड्याला एक दिवस विश्रांती हा कष्टकऱ्याचा हक्क आहे, या विचाराचे मूळ एवढे जुने आहे.

मात्र याच ग्रंथांनी गुलामगिरी मुळातून नाकारली नाही, हेही खरे. परक्या लोकांना गुलाम म्हणून ठेवण्याची मुभा त्यांत आहे. स्वतः गुलामी भोगलेला माणूस दुसऱ्याला गुलाम करीत नाही, असे इतिहास सांगत नाही.

पुरोहित गेले, शिक्षक आले

यहुद्यांचे केंद्र होते यरुशलेम येथील मंदिर. तेथे पशूंचे बळी दिले जात आणि पौरोहित्य एकाच वंशाकडे होते. बापानंतर मुलगा पुरोहित. आपल्या वाचकांना हा प्रकार काही नवा नाही. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या राजाने हे मंदिर पाडले आणि पुष्कळ लोकांना कैद करून बाबेलला नेले. पुढे इराणच्या कुरुश राजाने त्यांना परत जाऊ दिले व दुसरे मंदिर बांधले गेले. तेही इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जाळले.

मंदिर गेले, बळी देणे थांबले, पुरोहितांचे काम संपले. एखादा धर्म तेथेच संपला असता. परंतु रब्बी म्हणजे गुरुजन पुढे आले. त्यांनी मंदिराच्या जागी सभास्थान, बळीच्या जागी प्रार्थना आणि पुरोहिताच्या जागी ग्रंथ आणला. रब्बी होण्यासाठी वंश लागत नव्हता, अभ्यास लागत होता. पोरांना वाचायला शिकवणे हे बापाचे धर्मकर्तव्य ठरले. राज्य नाही, सैन्य नाही, स्वतःची भूमी नाही, अशा स्थितीत हा लहानसा समाज सुमारे अठराशे वर्षे टिकला तो या शिक्षणाच्या बळावर. 'शिका' हा शब्द आपल्याला बाबासाहेबांनी पहिला का दिला, ते यावरूनही समजावे.

येशू आणि पौल

येशूचा जन्म दुसरे मंदिर उभे होते त्या काळातला. तो यहुदी आई-बापांच्या घरी जन्मला, आठव्या दिवशी त्याची सुंता झाली, तो सभास्थानात जाऊन शिकवीत असे. गरीब, रोगी, जकातदार, समाजाने दूर लोटलेल्या स्त्रिया यांच्या पंगतीला तो बसे. इ.स. ३० च्या सुमारास रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या हुकुमाने त्याला क्रूसावर खिळण्यात आले. क्रूस ही रोमन सत्तेची शिक्षा होती. बंडखोरांना आणि गुलामांना ती दिली जाई.

त्याचे पहिले शिष्य सगळे यहुदीच होते. येशू हाच 'मशीहा' आहे, एवढेच त्यांचे वेगळेपण होते. मशीहा या हिब्रू शब्दाचा अर्थ अभिषेक झालेला. त्याचेच ग्रीक रूप 'ख्रिस्त'. म्हणजे सुरुवातीला ख्रिस्ती हा वेगळा धर्म नव्हता, यहुद्यांमधलाच एक पंथ होता.

तो वेगळा कसा झाला? येथे पौल येतो. हा तार्स गावचा, तंबू शिवण्याचा धंदा करणारा, शिकलेला यहुदी. आधी तो या पंथाचा विरोधक होता, पुढे प्रचारक झाला. यहुदी नसलेले लोक येशूला मानू लागले तेव्हा प्रश्न उभा राहिला की, या लोकांनी आधी सुंता करून यहुदी व्हायचे की नाही? खाण्यापिण्याचे सगळे नियम पाळायचे की नाही? इ.स. ४९ च्या सुमारास यरुशलेममध्ये बैठक झाली आणि सुंतेची अट घालायची नाही असे ठरले. विश्वास पुरेसा आहे, यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष हे भेद ख्रिस्तात उरत नाहीत, असे पौलाने आपल्या पत्रात लिहिले.

हा निर्णय म्हणजे जन्माच्या भिंतीला पाडलेले मोठे दार होय. त्या दारातून रोमन साम्राज्यातील दास, मजूर, विधवा, व्यापारी असे सर्व प्रकारचे लोक आत आले.

दोघांचे म्हणणे काय?

देवाबद्दल : देव एकच, हे दोघांनाही मान्य आहे. यहुद्यांच्या मते तो एकमेव आणि अविभाज्य आहे. कोणी माणूस देव किंवा देवाचा पुत्र होऊ शकत नाही. ख्रिस्ती मताप्रमाणे देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन रूपांत. हा सिद्धांत इ.स. ३२५ च्या निकाया येथील धर्मपरिषदेपासून पुढे पक्का होत गेला.

मशीहाबद्दल : यहुदी म्हणतात, तो अजून यायचा आहे. तो येईल तेव्हा युद्धे थांबतील, न्यायाचे राज्य येईल. जगात अजून अन्याय आहे, म्हणजे तो आलेला नाही. ख्रिस्ती म्हणतात, तो येशूच्या रूपाने येऊन गेला, मेलेल्यांतून उठला आणि पुन्हा येणार आहे. 'यहुदी ख्रिस्ती का झाले नाहीत' या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे आहे.

पापाबद्दल : पहिला मानव आदाम याने देवाची आज्ञा मोडली, तेव्हापासून मनुष्यजात पापात सापडली व येशूने क्रूसावर प्राण देऊन तिला सोडवले, असे ख्रिस्ती धर्माचे बहुतेक पंथ मानतात. यहुद्यांना जन्मजात पाप मान्य नाही. माणसात चांगली आणि वाईट अशा दोन्ही ओढी असतात. चुकला तर त्याने पश्चात्ताप करावा, ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई करावी, असे ते म्हणतात.

मार्गाबद्दल : यहुदी धर्मात भर आचरणावर आहे. त्यांची परंपरा ६१३ आज्ञा मोजते. ख्रिस्ती धर्मात भर ख्रिस्तावरील विश्वासावर आहे.

ग्रंथाबद्दल : यहुद्यांचा जो धर्मग्रंथ, तोच ख्रिस्ती लोकांचा 'जुना करार'. पुस्तकांचा क्रम वेगळा आहे आणि कॅथलिक पंथात काही पुस्तके जास्त आहेत. येशूची शुभवर्तमाने, पौलाची पत्रे इत्यादींचा 'नवा करार' यहुदी मानत नाहीत. त्यांचा जुना करार त्यांच्या लेखी जुना झालेलाच नाही.

लेकाने आईवर हात उगारला

आता त्या मुलीच्या प्रश्नाचा दुसरा भाग. नवा धर्म गरिबांचा होता तोवर त्याच्या हाती काठी नव्हती. इ.स. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने त्याला मोकळीक दिली आणि इ.स. ३८० मध्ये तो रोमन साम्राज्याचा राजधर्म झाला. मग चित्र पालटले. शुभवर्तमानांतील काही वचनांचा आधार घेऊन 'यहुद्यांनी देवाला मारले' असा आरोप पिढ्यान् पिढ्या प्रवचनांतून होऊ लागला. मारले रोमने, दोष मात्र एका संपूर्ण समाजावर, आणि तोही जन्माने.

१०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या जमावांनी वाटेत जर्मनीतील यहुदी वस्त्या कापून काढल्या. १२१५ च्या धर्मपरिषदेने यहुद्यांना वेगळे ओळखू येईल असा पोशाख सक्तीचा केला. १२९० मध्ये इंग्लंडमधून आणि १४९२ मध्ये स्पेनमधून त्यांना हाकलले. १५१६ मध्ये व्हेनिस शहरात त्यांच्यासाठी वेगळी वस्ती ठरवली. तिची दारे रात्री बाहेरून बंद होत. 'घेटो' हा शब्द तेथूनच आला. अंगावर ओळखीची खूण आणि गावापासून तोडलेली वस्ती! गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेल्या आपल्या पूर्वजांची आठवण हे वाचताना कोणाला होणार नाही?

विसाव्या शतकात हिटलरच्या नाझी राजवटीने सुमारे ६० लाख यहुद्यांची कत्तल केली. नाझींचा द्वेष वंशाचा होता. धर्म बदलून ख्रिस्ती झालेल्या यहुद्यांनाही त्यांनी सोडले नाही. परंतु ज्या जमिनीत तो द्वेष रुजला, ती शतकानुशतके नांगरलेली होती. अखेर १९६५ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की, येशूच्या मृत्यूचा दोष सर्व यहुद्यांवर टाकता येणार नाही. चूक उघडपणे दुरुस्त केली हे चांगलेच झाले. पण किती उशिरा!

(१९४८ मध्ये स्थापन झालेल्या इस्रायल राष्ट्राचे राजकारण आणि पॅलेस्टिनी जनतेचे दुःख हा स्वतंत्र विषय आहे. राज्याच्या कृत्याचा जाब राज्याला विचारावा, धर्माच्या सर्व लोकांना नाही.)

आपल्या दारातला अनुभव

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या कोकणात बेने इस्रायल हा यहुदी समाज शतकानुशतके राहत आला. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा आहे. तेलघाण्यावर काम करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. दिवेकर, पेणकर, किहीमकर अशी त्यांची आडनावे गावांवरून आली आणि भाषा मराठी. मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान १७९६ मध्ये उभे राहिले. पुढे त्यांच्यातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. येथे एक गोष्ट अभिमानाने सांगितली पाहिजे : कोकणात त्यांच्या धर्मासाठी त्यांचा कोणी छळ केला नाही.

पण जन्माची भिंत येथेही उभी राहिली. बेने इस्रायल समाजात 'गोरा इस्रायल' आणि 'काळा इस्रायल' असे दोन भाग पडले. आई यहुदी नसलेल्या संबंधांतील संततीला 'काळा' ठरवून तिच्याशी रोटीबेटी व्यवहार टाळला जाई. आणि १९६० नंतर इस्रायलमध्ये तेथील धर्मपीठाने याच बेने इस्रायल लोकांच्या लग्नात त्यांच्या वंशाची चौकशी सुरू केली. त्यांनी निदर्शने केली, तेव्हा १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. ज्याने गावात दुसऱ्याचा वंश पाहिला, त्याचाच वंश परदेशात तपासला गेला.

आणि ज्या ख्रिस्ती धर्माने दास-स्वतंत्र भेद पुसला म्हणून सांगितले, त्याचे या देशात काय झाले? आपल्यासारखेच गावकुसाबाहेरचे लोक ख्रिस्ती झाले. पण दक्षिणेत कित्येक चर्चमध्ये त्यांची बसण्याची जागा वेगळी राहिली, मेल्यावर पुरण्याची जागाही वेगळी राहिली. बाप्तिस्मा झाला, जात तशीच राहिली. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी शाळा-दवाखाने काढून आपल्या लोकांवर उपकार केले, हे कोणी नाकारू नये. परंतु धर्मांतर केलेल्या लोकांत जात शिल्लक राहते, ही गोष्ट बाबासाहेबांच्या नजरेतून सुटली नव्हती.

आपले काय?

बाबासाहेबांनी १९५० मध्ये लिहिलेल्या लेखात धर्मसंस्थापकांची तुलना केली. येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटले. तथागतांनी असा कोणताही दावा केला नाही. ते मोक्षदाता नव्हते, मार्गदाता होते. 'ये आणि पाहा' हे त्यांच्या धम्माचे लक्षण. याबद्दल आपल्याला समाधान वाटते आणि ते योग्यच आहे.

परंतु आपण स्वतःला विचारू या. ख्रिस्ती धर्म स्वीकाराने सुरू झाला. पण पुढे मुलांचा बाप्तिस्मा पाळण्यातच होऊ लागला. म्हणून मोठेपणी दृढीकरणाचा विधी ठेवावा लागला. आपल्याकडे आजोबांनी बावीस प्रतिज्ञा उभे राहून घेतल्या. नातू शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' आहे. त्याला त्या प्रतिज्ञांपैकी किती माहीत आहेत? लग्न जमवताना आपण अजून पोटजात विचारतो की नाही? विचारत असू, तर चर्चमधल्या वेगळ्या बाकांना आणि 'गोरा-काळा' भेदाला हसण्याचा आपल्याला अधिकार नाही.

यहुद्यांकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. वल्हांडण सणाच्या रात्री सारे कुटुंब एकत्र जेवते. ताटात बेखमीर भाकरी, कडू भाजी आणि अश्रूंची आठवण म्हणून मिठाचे पाणी असते. घरातले सर्वांत लहान मूल विचारते की, आजचे जेवण असे वेगळे का? मग वडीलधारी माणसे मिसरच्या गुलामीची गोष्ट सांगतात. ती 'त्यांची' गोष्ट म्हणून नाही, 'आपली' म्हणून. प्रत्येक पिढीने आपण स्वतःच त्या गुलामीतून बाहेर पडलो असे समजावे, अशी त्यांची शिकवण आहे.

ज्या २५ डिसेंबरला शेजाऱ्यांच्या दारी चांदण्या लागतात, त्याच तारखेला १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. हे आपल्या घरातले किती आई-बाप जेवताना मुलांना सांगतात? यासाठी वर्गणी लागत नाही, मंडप लागत नाही. टीव्ही अर्धा तास बंद केला, आजीला बोलते केले, की झाले.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलीला जमेल तसे हे सारे सांगितले. तिने शेवटी विचारले, "मग काका, शेजारच्या मैत्रिणीकडे नाताळला जायचे की नाही?" आम्ही म्हटले, "जरूर जा. तिला आपल्याकडे बुद्धपौर्णिमेला बोलाव." महात्मा फुल्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' या पुस्तकात एका कुटुंबाचे चित्र रंगवले आहे. त्यात बाई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध झाली, तिचा नवरा जुना व नवा करार वाचून ख्रिस्ती झाला, मुलगी कुराण वाचून मुसलमान झाली, मुलगा सत्यधर्मी झाला, तरी सर्वांनी एका घरात गोडीने नांदावे, असे जोतिबा सांगतात. त्या घरातील प्रत्येकाने आधी वाचले आहे आणि मग धर्म घेतला आहे. जन्माने कोणालाच मिळालेला नाही.

जय भीम!